कोथिंबिरीवरच्या माश्या

"देशी सातेरी मधमाशी कांद्याच्या फुलांवर बसत नाही, सबब कांदा-बियाण्याच्या परागीभवनासाठी तिच्या पेट्या ठेवण्याची योजना बंद करावी," कृषी अधिकारी घोरपड्यांनी बैठकीत खणखणीत आवाजात अहवाल वाचला. वृंदाताईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. अर्धं आयुष्य त्यांनी याच माशीच्या संशोधनात घालवलं होतं, आणि आता एका वाक्यात त्यावर पाणी पडत होतं.

"माशीचं मन आपल्याला कळलं, हे आमच्या शास्त्राचं भाग्य," त्या थंडपणे म्हणाल्या. "मात्र ती शासननिर्णय वाचून फूल निवडत नाही. भरपूर मकरंद सापडलेली माशी पोळ्यावर नाचून बाकीच्यांना वाट सांगते, आणि तो आटेपर्यंत साऱ्याजणी दुसऱ्या फुलाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पेट्या ठेवल्या तेव्हा शेजारच्या रानात काय फुललं होतं?"

"कोथिंबीर."

"आणि कांदा?"

घोरपडे रुमाल शोधू लागले.

"कांदा फुलल्याखेरीज पेट्या नेऊ नका, असं मी बजावलं होतं. एवढी घाई कसली होती?"

घोरपड्यांचा आवाज बसला.

"मॅडम, कांदा फुलला नव्हता, पण उद्घाटनाला मंत्रीसाहेबांची तारीख मिळाली होती."