दोन माईक पुरेत

बाळंतपणानंतर सिल्विया बँडमध्ये परतली, तर तिच्या ड्रमच्या जागी लॅपटॉप! "तू आता बाळाकडे बघ," बँडप्रमुख एल्विन म्हणाला. "ठोके कॉम्प्युटर देतो."

ती तडक दुकानात गेली. घरी ड्रम रेकॉर्ड करायचेत म्हटल्यावर दुकानदाराने आठ माईकचा संच पुढे केला.

"दोन पुरेत. एक पायाच्या ड्रमपुढे, एक डोक्यावर. खोली लहान आहे, वाजवणारी नाही."

नवऱ्याने भिंतींवर गोधड्या टांगल्या. कानाला हेडफोन लावून बँडच्या गाण्यावर ती वाजवू लागली. गाणं ऐन रंगात आलं आणि शेजारच्या खोलीत बाळ रडू लागलं. नवरा तिकडे धावला. ती शेवटच्या ठोक्यापर्यंत वाजवत राहिली.

रेकॉर्डिंग तिने तसंच पाठवलं. एल्विनचा फोन आला. "मागे कोण रडतंय गं?"

"माझी लेक. तिचं सोड. माझा ताल कुठे चुकला, तेवढं सांग."