खिडकीखालचा बोर्ड

"नेटचे हे दोन्ही डबे एकाच मीटरवर हवेत," इंटरनेटवाला म्हणाला. "तरच भिंतीतल्या विजेच्या तारेतून नेट पलीकडे जातं. तुमचे मीटर दोन. जमायचं नाही. आणि लांब वायर आज माझ्याकडे नाही."

धाकटी जाऊ थोरलीच्या मागच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर. रस्ता खोदताना तिच्याकडची केबल तुटली होती आणि अर्ध्या तासात तिच्या मुलीची नोकरीची मुलाखत होती, लॅपटॉपवर. फोनला रेंज धड नव्हती. थोरलीकडचं वायफाय वाटणीच्या वेळी घातलेल्या जाड भिंतीपाशीच संपत होतं.

"पोरीला इकडेच बसव ना," थोरली म्हणाली.

"इकडे नाही. अकरा वर्षांत इकडचं पाणीसुद्धा घेतलं नाही आम्ही. नेट मागायला आले, तेच खूप झालं."

इंटरनेटवाल्याने दोघींकडे पाहिलं आणि डबे पिशवीत टाकायला घेतले. दोन्ही डबे पिशवीत जाईपर्यंत थोरली बघत राहिली. मग म्हणाली, "थांबा. एक आमच्या पुढच्या खोलीत लावा. दुसरा तिच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या बोर्डात."

"अहो काकू, मीटर वेगळे असले की..."

"खिडकीखालच्याच. दाराजवळच्या नको."

तो मान हलवत गेला. पाच मिनिटांत हसत परत आला. "लागलं की! तिन्ही दिवे हिरवे. तुमच्या वायरमनने वाटणी अर्धीच केली म्हणायची. एक बोर्ड इकडच्याच मीटरवर राहिलाय." पिशवी खांद्याला लावत त्याने बजावलं, "मुलाखत संपेपर्यंत मोटारीचं काही चालवू नका. पंखा नाही, मिक्सर नाही. दोन्हीकडे. नेट अडखळतं."

तो गेला तरी धाकटी जागची हलली नाही. खिडकीखालच्या त्या बोर्डावर तिचं शिलाई मशीन चालायचं. नवरा गेल्यावर त्या मशीनवर तिने घर चालवलं होतं, मुलीला शिकवलं होतं. कुणापुढे हात पसरला नाही, असं ती चारचौघींत मान वर करून सांगायची.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"पहिल्याच वर्षापासून. फ्यूज बदलायला मी मेन बंद केला आणि पलीकडे तुझं मशीन थांबलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"बोलत होतो का आपण?"

धाकटीने पदर घट्ट खोचला. "उद्या वायरमन आणते. ती तार तोडून घेते."

"उद्या ना? मग आज जाऊन पंखा बंद कर."

धाकटी गेली. थोरलीने घरभर फिरून पंखे बंद केले, फ्रीजही बंद केला. आतून नवऱ्याने विचारलं, "अगं, उकडून मारतेस का?"

"तासाभरात काही मरत नाही तुम्ही."

ती मागच्या पायरीवर येऊन बसली. थोड्या वेळाने धाकटीही मागच्या अंगणात आली. मुलीने तिला खोलीबाहेर काढलं होतं. धाकटी बसली नाही, खिडकीपासून दोन हात लांब, भिंतीला टेकून उभी राहिली. पंखे बंद असल्यामुळे खिडकीतून मुलीचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. शिक्षण झालं, आधीचं काम झालं. आवाज आधी जरा कापरा होता, मग मोकळा झाला. मग मुलाखत घेणाऱ्याने घरच्यांविषयी काही विचारलं असावं.

"घरी मी आणि आई," मुलगी म्हणाली. "आई शिवणकाम करते. कुणाची काडीची मदत न घेता तिने एकटीने मला वाढवलं. मी तिच्याकडूनच शिकले, आपलं आपण उभं राहायचं."

धाकटीने मान खाली घातली. मग वर केली आणि पहिल्यांदाच सरळ थोरलीकडे पाहिलं.

"जाऊबाई..."

थोरलीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत ऐकू जाईल."