पाठमोरा

आमचा रॉकस्टार गायक लोकांकडे पाठ करून गातो. पोरं त्या अदेवर फिदा. बाकीचे म्हणतात, ठरवून केलेला माज.

"खरं काय ते तूच सांग," पत्रकार मला, त्याच्या ड्रमरला, खोदून खोदून विचारतात.

काय कपाळ सांगू! पहिल्या कार्यक्रमाला त्याची आई तेवढी आली होती. गर्दीत अडचण नको म्हणून बिचारी स्टेजवर माझ्यामागे खुर्ची टाकून बसली. हॉल रिकामाच राहिला. मग हा तिच्याकडे वळूनच गायला.

ती गेली. खुर्ची अजून आम्ही मांडतो.

काल मैदान खच्चून भरलं होतं. त्याने पाठ फिरवून माइकमध्ये नेहमीसारखं विचारलं, "येतंय ना ऐकू?"

"हो!" अख्खं मैदान गरजलं.

तो खुर्चीकडे बघत थांबूनच राहिला.