झेनेकची खुर्ची

पाठीवर पिशवी, अंगावरून पाणी निथळतंय, असा तो परदेशी दारात जरासा थबकला. त्याने लांबलचक मांडलेलं टेबल पाहिलं आणि सरळ येऊन एका रिकाम्या खुर्चीवर बसला. इथे सगळे एकाच टेबलाला बसतात, असा त्याचा समज झाला असावा. बिचाऱ्याची चूक नव्हती. खानावळीच्या दाराला लावलेली ‘आज मयताचं जेवण’ ही पाटी त्याला वाचता येत नव्हती, आणि वीस ताटं मांडलेल्या टेबलाला चारच माणसं बसलेली दिसली, तर जागा आहे असंच कोणालाही वाटेल.

गेनोवेफाने, म्हणजे सगळ्यांच्या गेनियाने, सकाळीच भावाला, झेनेकला, मातीत ठेवलं होतं. झेनेक म्हणजे असा माणूस, की शेजारी, नातेवाईक, बरोबरीने काम केलेले, सगळ्यांशी एकेकदा भांडून मोकळा झालेला. तरी तिने वीस जणांचं जेवण सांगितलं. आले कोण, तर चुलतभाऊ तेओफिल, त्याची बायको आणि चर्चचे फादर. फादरही घड्याळाकडे बघत सूप पीत होते.

टोकाची खुर्ची तिने रीतीप्रमाणे मयतासाठी, झेनेकसाठी, रिकामी ठेवली होती. पुढे व्होडकाचा भरलेला पेला, त्यावर पावाची चकती.

“जिवंत होता तोवर एका जेवणाला वेळेवर आला नाही,” तेओफिल म्हणाला. “आणि आज बघा, सगळ्यांच्या आधी खुर्ची धरून बसलाय.”

वाढणारी डांका धावत आली. “गेनियाबाई, उठवते हं त्या परदेश्याला. चुकून बसलाय.”

“राहू दे. सूप वाढ त्याला.”

“हा कोण?” तेओफिलने विचारलं.

गेनोवेफाची नजर कोऱ्या ताटांवरून फिरून आली. “झेनेकचा ओळखीचा.”

“झेनेकचा? म्हणजे त्याच्याशी बोलणारं माणूस परदेशातून मागवावं लागलं म्हण की!”

“आला ना पण? पावसात चालत आला. तू मोटारीतून येऊन कुरकुरतोयस.”

तेओफिल खाली मान घालून कटलेट कापू लागला.

परदेशी मात्र जेवला. शेवयांचं सूप दोनदा घेतलं, कटलेट संपवलं, पावाने ताट पुसून घेतलं. असं मन लावून जेवणारं माणूस त्या टेबलाला दुसरं नव्हतं. त्याच्याशीही बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नसावं. गेनोवेफाने नुसतं मीठ पुढे सरकवलं, तर तो एवढा हसला, की तिने काकडीचं लोणचंही सरकवलं.

मग सगळ्यांनी झेनेकच्या नावाने पेले उचलले. डांकाने परदेश्यालाही एक भरून दिला. मयताच्या जेवणात पेल्याला पेला लावायचा नसतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. परदेशी मात्र हसत उभा राहिला, हात लांब केला आणि त्याने गेनोवेफाच्या पेल्यावर आपला पेला टणकन वाजवला.

फादरांचा हात हवेतच राहिला. तेओफिलच्या बायकोने छातीवर क्रुसाची खूण केली.

“गेनिया, अगं सांग त्याला काहीतरी!” ती म्हणाली.

परदेशी तोवर टोकाच्या खुर्चीकडे वळला होता. भरलेला पेला तसाच ठेवून कोणी बाहेर गेलं असेल, तर त्याला कशाला वगळा? वरचा पाव पडू नये म्हणून त्याने जपून, हलकेच त्या पेल्यालाही आपला पेला लावला. पावाखालची व्होडका थरथरली.

मग रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून त्याने दाराकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

तेओफिल तोंड उघडणार, तेवढ्यात गेनोवेफाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“येईल,” ती परदेश्याला म्हणाली. “त्याला नेहमीच उशीर होतो. तुम्ही जेवा.”