काळं केलेलं पान

वडील गेल्यावर ग्रंथालयातला त्यांचा खण आवरायला आलेली मुलगी एका कपाटापाशी थबकली. तिथे तिने लिहिलेली कादंबरी होती. वरून हुकूम आला तेव्हा त्यातलं एक पान काळं करणारे हात ग्रंथपाल वडिलांचेच होते. “यापेक्षा परके परवडले,” म्हणत तिने वर्षभर अबोला धरला होता. आज तिने ते पान उघडलं. अंगठा काळा झाला. शाई नव्हतीच ती, शिसपेन्सिल होती! “अख्खी दुपार गिरवत बसले होते, ताई,” म्हातारा शिपाई म्हणाला. “म्हटलं, साहेब, शाईने दोन फराट्यांत उरकेल. तर माझ्यावरच खेकसले, ‘हुकमात काळं करा म्हटलंय, कशाने ते कुठे म्हटलंय?’” तिला हसू फुटलं. “मग मला का नाही सांगितलं?” “म्हणाले, माझीच लेक आहे, भांडायला तरी येईलच.” शिपायाने नवाकोरा खोडरबर पुढे केला. “साहेबांनी तेव्हाच आणून ठेवलाय.”