दारातला दगड

लोकर कातरायच्या शेडच्या दारातल्या दगडाला मधोमध लांबट, गुळगुळीत खळगा आहे. बुटांनी दगड असा झिजत नाही. तरी मर्विनमालकांच्या आजोबांपासून सगळे त्यावर बुटांना चिकटलेल्या मेंढ्यांच्या ओल्या, हिरवट लेंड्या खरवडत आले.

"माझी आजी यावर गवताचं बी दळायची," स्वयंपाक करणाऱ्या डल्सीमावशी दरवर्षी सांगायच्या.

"कातरणी संपू दे, मग बघू," मालक म्हणायचे.

यंदा शेडखालच्या जमिनीचा भाडेपट्टा संपला आणि तो वाढवून देणं मावशींच्या आदिवासी जमातीच्या हाती आलं. मर्विन स्वतः दारात आले. सवयीने दगडावर बूट खरवडत म्हणाले, "घेऊन जा गं तुझा दगड. झालं समाधान?"

मावशींनी खळग्यातली घाण नखाने काढली.

"दगड आजीने ठेवला तिथेच राहील, मालक. शेड तुमची आहे, ती घेऊन जा."