हजर एकशे बारा

यशोधरा दर ग्रामसभेचं मोबाईलवर शूटिंग करून गावाच्या ग्रुपवर टाकायची. या वेळी सभेला तिच्याशिवाय एकशे बारा जण हजर होते. डोंगरावरच्या खडी क्रशरचा ठराव मंजूर होताच सरपंचाच्या पुतण्याने तिचा मोबाईल फरशीवर आपटला आणि लोखंडी खुर्ची तिच्या डोक्यात घातली. हजेरीच्या सह्यांवर रक्त उडालं, तरी कुणी जागचं हललं नाही.

सरपंचाने गावाला दम भरला. मग पोलिसांपुढे एकशे बाराही जणांनी एकच जबाब दिला, "आमी त्या सभेला गेलोच न्हाई."

डोक्याला नऊ टाके पडलेल्या यशोधराने त्या सगळ्या जबाबांच्या नकला गटविकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या.


"साहेब, सभेला कुणीच नव्हतं म्हणत्यात. मग क्रशरचा ठराव मंजूर केला कुणी?"